लघुरेल्वेच्या जुन्या इंजिनाची मोटर : आवाजावरून दोष
लेखांक ६

हॉर्नबी-डब्लो (१९३८ पासून) किंवा ट्राय-अँगच्या जुन्या लघुरेल्वे इंजिनातील मोटर १२ व्होल्ट डीसीवर चालते. रुळातली वीज दोन ब्रशांवाटे कम्युटेटरला आणि तिथून आर्मेचरच्या गुंडाळ्यांना मिळते. शाफ्टवरचा वर्म दातेरी चक्र फिरवतो आणि त्यामुळे चाके फिरतात. पुण्यातील जोशी लघुरेल्वे संग्रहालयात १९९८ पासून अशा छोट्या गाड्या चालताना पाहता येतात.

बेळगाव-निपाणी भागात मोटर म्हटली की विहिरीवरचा पंप डोळ्यांसमोर येतो. त्या मोटरीला ब्रश नसतात, म्हणून तिचा आवाज बहुधा बेअरिंगचा निघतो. इथे मात्र आवाज चार ठिकाणांहून येऊ शकतो.

चिरचिर : शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश कोरडे पडले आहे. सुईच्या टोकावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घेऊन शाफ्ट आणि बुश यांच्या सांध्यावर टेकवावा. थेंब आपोआप आत ओढला जातो. खोबरेल वापरू नये. बेळगावच्या थंडीत ते गोठते आणि शाफ्ट जखडतो.

तडतड, सोबत ठिणग्या : कम्युटेटर मळला आहे. तेल आणि कार्बनची भुकटी मिळून झालेला काळा लगदा त्याच्या फटींत बसतो. फटी लाकडी काडीने मोकळ्या कराव्यात आणि पृष्ठभाग स्पिरिटच्या कापडाने पुसावा. झिजलेले ब्रश बदलावेत.

खडखड : शाफ्ट मागेपुढे सरकतो आहे. गाडीची दिशा बदलताना टक् असा आवाज आला, तर दोष हाच. फायबरचा पातळ वॉशर घालून हा खेळ कमी करावा, पण पूर्ण बंद करू नये. शाफ्ट आवळला की मोटर तापते.

कुरकुर : मोटर सुटी काढून चालवली की आवाज थांबतो, चाकांना जोडली की परततो. म्हणजे दोष वर्ममध्ये आहे. चक्राच्या दातांतले जुने घट्ट ग्रीस काढून नवे थोडेसे लावावे. दात तुटलेला असेल तर चक्रच बदलावे लागते.

एवढे करूनही घरघर राहिली तर बुश अंडाकृती झिजलेले असते आणि आर्मेचर लोखंडी ध्रुवांना घासत असते. तसे बुश कोणत्याही चांगल्या लेथवर ब्राँझमधून नव्याने काढून घेता येते. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात हे काम अवघड नाही.

आर्मेचर बाहेर काढण्यापूर्वी एक सावधगिरी घ्यावी. जुन्या चुंबकातून ते काढले की चुंबकाची ताकद घटते आणि मोटर मंदावते. म्हणून आर्मेचर सरकवतानाच त्याच्या जागी लोखंडी तुकडा बसवावा. गुंडाळ्या तपासताना मल्टिमीटरने कम्युटेटरच्या लगतच्या पट्ट्यांमधला रोध मोजावा. तीन पट्ट्यांच्या आर्मेचरमध्ये तिन्ही आकडे सारखे आले तर वाइंडिंग शाबूत आहे.

बहुतेक आवाजांवर उपाय साफसफाई आणि तेलाचा एक थेंब हाच असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी कान लावून ऐकावे.