पाट्यावरचं हिरवं मीठ

दिवाळीच्या भेटखोक्यांत हल्ली सुकामेव्याच्या जोडीला काचेची एक नाजूक बाटली असते. गळ्यात सुतळी, सुतळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर ‘हर्ब सॉल्ट’. मी ती उघडतो, हुंगतो आणि जो पहिला पाहुणा येईल त्याच्या हाती सोपवतो. वाळक्या पानांचा चुरा बारीक मिठात ढवळला की झालं, हा प्रकार मला अजिबात मंजूर नाही. पान आणि मीठ यांची गाठ ओलेपणीच पडायला हवी. पान ताजं, मीठ जाडं, आणि दोन्ही एकाच पाट्यावर. हा हट्ट मी उत्तराखंडातून उचलून आणला आहे.

तिथे त्याला ‘पिस्यूं लूण’ म्हणतात. गढवाल-कुमाऊंत क्वचितच एखादं स्वयंपाकघर त्यावाचून असेल. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, पुदिना, जिरं आणि घरोघरचं काही खास: कुठे भंगजिरा, कुठे तिमूर, कुठे भाजलेल्या भांगेच्या बिया. भांगेचं नाव निघताच आमच्या गटातल्या एका काकांचे डोळे लकाकले होते. बियांत नशा नसते, खमंगपणा असतो, हे कळल्यावर त्यांचा उत्साह मावळला. लूण मात्र त्यांनीच सर्वांत जास्त खाल्लं.

मुन्स्यारीला, पंचचुलीच्या शिखरांसमोर, ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या दीदी अंगणातल्या सिलबट्ट्यावर हे वाटत होत्या. मी शेजारी फतकल मारून बसलो. आधी फक्त लसूण आणि खडे मीठ. पाण्याचा थेंबही नाही. खडे लसणीला ओरबाडत गेले आणि बघता बघता तो ऐवज ओला, चिकट झाला. मग मिरची, मग बिया, आणि कोथिंबीर-पुदिना अगदी शेवटी, तोही पुरता गंध होईपर्यंत नव्हे. पानांचे तुकडे डोळ्यांना दिसत होते. घरात मिक्सर होता. “उसमें नमक गरम हो जाता है,” एवढंच म्हणून त्यांनी काकडी चिरायला घेतली. पहाडी काकडीच्या उभ्या फोडीला ते हिरवं मीठ चोळून दिलं. पुढच्या फोडीसाठी मी ताटली पुढे केली तेव्हा लाज वाटली नाही.

त्यांच्या त्या एका वाक्यात बरंच शास्त्र होतं. पुदिना, तुळस, ओवा यांच्या पानांवर सुगंधी तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. त्या फुटल्या की वास सुटतो. मिक्सरचं पातं पान कापतं आणि तापवतं; ही तेलं उडून जाणारी, त्यामुळे वासाचा मोठा वाटा झाकण उघडताच खोलीभर होतो. वरवंटा चेचतो, आणि मिठाचे खडे त्याच्या मदतीला असतातच. शिवाय मीठ पानातलं पाणी बाहेर ओढतं. त्या पाण्यात ते इतकं विरघळतं की बहुतेक जिवाणू आणि बुरशी तिथे तग धरू शकत नाहीत. म्हणून पाणी घालायचं नाही. पान स्वतःचं पाणी घेऊनच आलेलं असतं.

आता थोडं आडवाटेला जातो, कारण मीठ पहाडात आलं कुठून हा प्रश्न मला तिथे गेल्यापासून सतावत होता. मुन्स्यारीच्या वरचं जोहार खोरं हा तिबेटच्या व्यापाराचा रस्ता. तिथले शौका व्यापारी मेंढ्या-शेळ्यांच्या पाठीवर छोट्या थैल्या लादून खिंडी ओलांडत. जाताना धान्य, गूळ, कापड, येताना मीठ, लोकर, टाकणखार. १९६२च्या युद्धानंतर हा व्यापार थांबला. मेंढीच्या पाठीवरून हिमालय ओलांडून आलेलं मीठ कुणी उधळणार नाही. ते पानं-बिया घालून वाढवायचं, रूप द्यायचं, भाकरीबरोबर तेच तोंडीलावणं करायचं, अशीच सुरुवात झाली असावी. हा माझा तर्क; पण मला तो आवडतो.

बाकी जगातही हा उद्योग आहेच. इटलीत बोलोन्याकडे रोझमेरी, सेज आणि लसूण जाड्या मिठात कुटतात. जॉर्जियातल्या स्वानेतीचं मीठ लसूण, धणे आणि निळ्या मेथीचं. आल्फ्रेड व्होगेल या स्विस माणसाने ‘हर्बामारे’ नावाने भाज्या-पानांचं मीठ बाजारात आणलं. आणि आपलं लवणभास्कर चूर्ण आहेच, पण ते वैद्यांच्या हद्दीतलं. असो.

मला खरी भुरळ घातली ती तिमूरने. दाणा जिभेवर ठेवला की आधी लिंबासारखा वास, मग झिणझिण्या, मग जीभ बधिर. ही चव ओळखीची कशी, याचा उलगडा घरी फडताळ उघडल्यावर झाला. तिमूर आणि कोकणातलं तिरफळ एकाच प्रजातीचे, वनस्पतिशास्त्रात दोघांचंही आडनाव झँथोझायलम. दोन्हींत वापरायचं ते टरफल. आतलं काळं बी टाकून द्यायचं. तेव्हापासून माझ्या पहाडी मिठात तिमूरच्या जागी मालवणहून आलेली तिरफळं असतात आणि कुणाची तक्रार नाही.

घरच्या कुंड्यांतलं सांगायचं तर पुदिना आणि कोथिंबीर सर्वांत सरळ. पानं सकाळी खुडावीत, धुऊन पंच्यावर पसरून पुरती कोरडी करावीत. दोनशे ग्रॅम जाड्या मिठाला शंभर ग्रॅम पानं; याहून पानं वाढवली की वाळताना रंग काळवंडतो. ओव्याचं पान, ज्याची आपण भजी करतो, जाड आणि पाणीदार. ते चिरून दिवसभर सावलीत सुकवल्याशिवाय पाट्यावर घेऊ नये. पण पेरूवर त्याचं मीठ भुरभुरून बघा! शाळेबाहेरचं तिखटमीठ त्यापुढे फिकं पडतं. कढीपत्ता तव्यावर कुरकुरीत करून मगच कुटावा, आणि गवती चहाच्या पातीच्या वाटेला जाऊच नये, दोरे दातांत अडकतात.

वाटलेलं मीठ ताटात पातळ पसरून वर मलमल बांधावी आणि सावलीत वाळवावं. उन्हात रंग जातो, वासही. आणि हे सगळं दसऱ्यानंतर. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाझरू लागतं. कोकणात जुलैत मिठाची बरणी का रडते त्याचं हे कारण. ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडलं की ताट घरात, पंख्याखाली ठेवलं तरी चालतं. लसूण घातली असेल तर मीठ फ्रीजमध्ये ठेवावं. झाकण पत्र्याचं नको, गंजतं.

जाडं मीठ मी शिरोड्याहून आणतो. गावाची दुसरी ओळख वि. स. खांडेकरांची, ते तिथल्या शाळेत शिक्षक होते. मे १९३०मध्ये याच मिठागरांवर सत्याग्रह झाला. आज तिथल्या बांधावरून चालताना पायांखाली चिखल, बाजूला करड्या मिठाच्या राशी, आणि विकणाऱ्या मावशी पिशवी भरताना वर एक ओंजळ जास्तीची टाकतात. या मिठात आयोडीन घातलेलं नसतं, हे ध्यानात ठेवावं. म्हणून रोजच्या आमटी-भाजीत पाकिटातलं आयोडीनयुक्त मीठच राहू द्यावं आणि हे हिरवं मीठ वरून लावण्यापुरतं. रक्तदाबवाल्यांनी ‘वनस्पतीचं आहे’ म्हणून हात सैल सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाला पाच ग्रॅमांखालची मर्यादा यालाही लागू आहे.

तिरफळाचं मीठ काकडीवर चांगलं, कैरीवर त्याहून चांगलं. पण एकदा ते बांगड्याला चोळून पहा. बांगडा आणि तिरफळ ही जोडी कोकणाला सांगायला नको. तिखलं सोडून तव्यावर ती कशी लागते एवढंच बघायचं. चिरे पाडलेल्या बांगड्यात मीठ भरायचं, अर्धा तास मुरू द्यायचं, आणि बाकी काही, अगदी हळदही, लावायची नाही.