उजेडाचा सांगावा

आमच्या देवनारला रात्र कधी पूर्ण उतरतच नाही. कत्तलखान्याकडे येणारे ट्रक, कचऱ्याच्या गाड्या, गोवंडी स्टेशनाकडून येणारा लोकलचा आवाज. या गलबल्यातही माणसे झोपतात. मी कविता लिहिणारा माणूस, मला जागरणाची सवय. काही वर्षांपूर्वी समोरच्या इमारतीतली एक खिडकी मात्र माझ्यापेक्षाही उशिरापर्यंत उजळलेली दिसायची. तिथे चार वर्षांची एक मुलगी रात्री दोन वाजता ताटली वाजवत बसलेली असे आणि तिची आई भिंतीला टेकून पेंगत असे.

मुलीला जन्मापासून दिसत नव्हते. शेजारी म्हणत, लाडावून ठेवली आहे. आजी म्हणे, नजर लागली. मी स्वतः एका दर्ग्यातून तावीज आणून दिला. आठवड्याभरात मुलगी रात्रीची झोपू लागली आणि मी मनातून खूश झालो. पण तीनेक आठवड्यांत पुन्हा तेच. आई म्हणाली, "चाचा, तावीज बदलायचा का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते पुढे मेंदूविकारांच्या एका डॉक्टरांनी दिले.

या विकाराचे नाव सेप्टो-ऑप्टिक डिस्प्लेझिया. 1956 साली स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मॉर्सिए यांनी त्याचे वर्णन केले. सुमारे दहा हजारांत एका बाळाला तो असतो. डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या नसा गर्भातच अपुऱ्या वाढतात, मेंदूच्या मध्यावरचा पातळ पडदा कधी तयारच होत नाही आणि पिट्युटरी ग्रंथीचे काम कमी पडते. प्रत्येक मुलात हे सगळे असतेच असे नाही. बहुतेकांत निश्चित कारण सापडत नाही. पण आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून हे होत नाही, एवढे नक्की.

आता याचा झोपेशी काय संबंध? आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना जिथे छेदतात त्याच्या किंचित वर, सुमारे वीस हजार पेशींचे एक घड्याळ आहे. ते चोवीस तासांपेक्षा थोडे हळू चालते. रोज सकाळचा उजेड त्याला पुन्हा वेळेवर आणतो. हा सांगावा पोचवणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी वेगळ्याच असतात. त्या प्रकाश स्वतः टिपतात, हे 2002 साली डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्याआधी 1995 मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात, काहीही न दिसणाऱ्या अकरा जणांपैकी तिघांच्या शरीराला उजेड कळतो, असे आढळले होते. म्हणून अंध मुलालाही सकाळच्या उजेडात न्यावे. त्याला दिसत नसेल, पण घड्याळापर्यंतची वाट शाबूत असू शकते.

ही वाटच तुटलेली असेल तर घड्याळ आपल्या चालीने चालते. समजा, ते रोज अर्धा तास मागे पडते. मग आज दहाला आलेली झोप उद्या साडेदहाला, परवा अकराला. चोवीस दिवसांत दिवसाची रात्र होते आणि अठ्ठेचाळीस दिवसांनी गाडी पुन्हा जागेवर येते. डॉक्टरांनी त्या आईला गणिताची चौकटींची वही दिली. एक ओळ म्हणजे एक दिवस, झोपेचा तास पेन्सिलीने काळा करायचा. दोन महिन्यांनी वही उघडली तर काळा पट्टा ओळीओळीने तिरका सरकत गेलेला. मुलगी हट्टी नव्हती. आणि माझा तावीज नेमका चांगल्या पंधरवड्यात बांधला गेला होता.

सगळीच मुले अशी तिरकी सरकत नाहीत. काहींची झोप नुसतीच तुकड्यातुकड्यांत होते. पिट्युटरीच्या बिघाडात तहान आणि लघवी वाढते, म्हणून मूल रात्री सारखे पाणी मागते. हा हट्ट समजून पाणी तोडू नका, तपासणी करा. दुसरी गोष्ट जिवाची आहे. अशा मुलाला ताप किंवा उलट्या असताना ते सुस्त पडले, उठवूनही नीट उठेना, तर 'बरे झाले, झोपले' म्हणू नका. कॉर्टिसोल कमी पडून रक्तातली साखर उतरलेली असू शकते. तडक रुग्णालय गाठा. आणि झोपेसाठी सर्दीची औषधे परस्पर पाजू नका.

उपाय काय? मेलॅटोनिन हे अंधाराचे संप्रेरक, ठरल्या वेळी, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत दिल्यास काही मुलांचे घड्याळ जागेवर येते. त्याच्या जोडीला घराची शिस्त. उठण्याची, जेवणाची, आंघोळीची वेळ रोज तीच, दिवसा खेळ, रात्री कमी आवाज. उजेड जे सांगू शकत नाही ते गरम पाणी, भाताचा वास, आईचा हात यांनी रोज सांगत राहायचे.

ती मुलगी आता बऱ्याच रात्री झोपते, सगळ्या नाही. तुमच्या वरच्या मजल्यावर मध्यरात्री पावले वाजली, तर सकाळी तक्रार करण्याआधी विचारपूस करा. आणि जमलेच तर दुपारी तासभर त्या मुलाजवळ बसा. तेवढ्यात त्याची आई झोपेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)