नवा संगणक, जुने सॉफ्टवेअर आणि हरवलेला हिशेब

जुना संगणक मोडीत काढून नवा घेतला, त्यावर हिशेबाचे तेच जुने सॉफ्टवेअर चढवले, नोंदीही सुरू झाल्या. मात्र सॉफ्टवेअरच्या फोल्डरची बॅकअप प्रत काढून पाहिली, तर ताज्या नोंदींचा मागमूस नाही. अशा वेळी व्हायरसला दोष दिला जातो. अनेकदा दोष असतो तो फाइलच्या पत्त्याचा.

‘विंडोज एक्सपी’च्या (२००१) काळात अनेक सॉफ्टवेअर आपली माहिती थेट ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच लिहीत. वापरकर्त्याकडे बहुधा सर्वाधिकार असल्याने ते खपून जाई. २००७ मध्ये बाजारात आलेल्या ‘व्हिस्टा’ने हे दार बंद केले. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ची जागा ‘युजर्स’ने घेतली, आणि जुनी ३२-बिट सॉफ्टवेअर अडून बसू नयेत म्हणून त्यांचे ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधील लेखन वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरातील ‘व्हर्च्युअलस्टोअर’कडे गुपचूप वळवण्यात आले. सॉफ्टवेअरला याची खबर नसते आणि ‘अ‍ॅपडेटा’ लपवलेला असल्याने मालकालाही नसते! शिवाय ही सोय खातेनिहाय आहे. एकाच संगणकावर दोघे निरनिराळ्या खात्यांतून नोंदी करत असतील, तर दोघांच्या वह्या वेगळ्या होतात. विंडोज १० आणि ११ मध्येही हा प्रकार कायम आहे.

सॉफ्टवेअरमध्ये माहितीचा मार्ग बदलता येत असेल, तर तो स्वतंत्र फोल्डरकडे वळवावा. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तर ‘सी’ ड्राइव्हवरील पत्ता कायमचा लिहून ठेवूच नये; तो प्रत्येक वेळी विंडोजलाच विचारावा. आणि संगणक ‘फॉरमॅट’ करण्यापूर्वी प्रत्येक खात्यातील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ उघडून पाहावे.