यंत्राच्या पोटातील संगणक आणि त्याचे दोषशोधक

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजेच पूर्वीच्या औरंगाबादच्या औद्योगिक इतिहासात १९८५ या वर्षाला विशेष स्थान आहे. त्या वर्षी वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुट्या भागांचे अनेक लहानमोठे उद्योग परिसरात उभे राहिले. ओतकाम, प्रेसकाम, यंत्रण, रबर आणि प्लॅस्टिकचे साचे ही या वसाहतींची भाषा होती. दुचाकीतील बिघाडही त्याच भाषेत बोलत असे. तो डोळ्यांना दिसत असे, कानांना ऐकू येत असे. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला, तर मेकॅनिक तो काढून, फुंकर मारून पुन्हा बसवत असे.

गेल्या काही वर्षांत ही परिस्थिती झपाट्याने पालटली. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या सर्व नव्या दुचाकींना अँटिलॉक ब्रेक प्रणाली, म्हणजे 'एबीएस', सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही प्रदूषण मानके लागू झाली आणि बहुतेक दुचाकींमधील कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. त्यापाठोपाठ विजेवरील दुचाकी आल्या. या तिन्ही बदलांमुळे वाहनाच्या पोटात संगणक शिरला आणि बिघाड दिसेनासा झाला. तो आता सिलिकॉनच्या तुकड्यावर साठवलेल्या आज्ञावलीत दडलेला असू शकतो. असा दोष शोधण्याची अवजारे बनवणे हा जगातील एक स्वतंत्र उद्योग आहे. सर्वसामान्यांना त्याचे नावही ठाऊक नसते. परंतु ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबते, त्यात त्याचा मोठा वाटा असतो.

पडदा नसलेला संगणक

टेबलावरच्या संगणकाला पडदा असतो, कळफलक असतो. आज्ञावली चुकली, तर निदान पडद्यावर संदेश तरी उमटतो. धुलाई यंत्र, वीजमीटर, इंजेक्शनचा पंप किंवा दुचाकीचे इंजिन यांत बसवलेल्या संगणकाला यांपैकी काहीच नसते. एका विशिष्ट यंत्राच्या सेवेसाठी त्यातच कायमची बसवलेली अशी संगणकीय यंत्रणा म्हणजे 'एम्बेडेड सिस्टीम'. तिचा गाभा असलेल्या मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रक्रियक, स्मृती आणि बाह्य जगाशी जोडणाऱ्या तारांची व्यवस्था एकाच चिपवर असते. इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या ८०५१ या प्रसिद्ध मायक्रोकंट्रोलरमध्ये आज्ञावलीसाठी अवघी ४ किलोबाइट आणि कामचलाऊ आकडेमोडीसाठी १२८ बाइट जागा होती.

अशा चिपवर बसून कोणी आज्ञावली लिहीत नाही. ती नेहमीच्या संगणकावर 'सी'सारख्या भाषेत लिहिली जाते. 'क्रॉस कंपायलर' तिचे लक्ष्य चिपच्या भाषेत रूपांतर करतो आणि मग ती तारेद्वारे चिपमध्ये उतरवली जाते. लिहिण्याची जागा एक आणि चालण्याची जागा दुसरी, अशी ही विभागणी आहे. दोष मात्र दुसऱ्या ठिकाणी प्रकट होतो आणि तिथे पाहायला खिडकी नसते.

दुसरी अडचण वेळेची. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा दांडा सेकंदाला १०० वेळा फिरतो. म्हणजे एका फेऱ्याला १० मिलिसेकंद आणि त्यातील एका अंशाला सुमारे २८ मायक्रोसेकंद मिळतात. ठिणगी किती अंशांवर पडावी याचा निर्णय आज्ञावलीला याच वेगाने घ्यावा लागतो. कार्यालयीन संगणकावरील आज्ञावली मध्येच थांबवून सावकाश न्याहाळता येते. इंजिन असे थांबून राहत नाही. विजेच्या मोटारीच्या बाबतीत तर धोका अधिक असतो. मोटारीला वीज पुरवणारे ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करत असतात. नेमक्या चुकीच्या क्षणी प्रक्रियक थांबवला आणि ट्रान्झिस्टर उघडेच राहिले, तर तपासणीच्या टेबलावरच धूर निघतो. म्हणूनच आधुनिक चिपमध्ये, प्रक्रियक थांबताच मोटारीकडे जाणारे संकेतही सुरक्षित अवस्थेत नेण्याची सोय ठेवलेली असते.

आतील खिडकीची गोष्ट

सुरुवातीच्या काळात अभियंत्यांचा मार्ग कष्टाचा होता. आज्ञावली 'ईप्रॉम' या स्मृतिचिपमध्ये भरायची, ती मंडलात बसवायची आणि काय होते ते पाहायचे. चुकले, तर चिप काढून पंधरा-वीस मिनिटे अतिनील प्रकाशाखाली ठेवून पुसायची आणि पुन्हा सारे सुरू करायचे. दिवसभरात मोजकेच प्रयत्न होत. मंडलावर एखादा दिवा लावून 'आज्ञावली इथवर पोहोचली' एवढीच खूण मिळवणे हीही तेव्हा मोठी सोय होती.

१९७०च्या दशकाच्या मध्यास इंटेलने 'इन-सर्किट एम्युलेटर' हे साधन आणले. मंडलातील मूळ प्रक्रियक काढून त्याच्या खोबणीत एम्युलेटरची जाड केबल खोचली जाई. पलीकडचे यंत्र प्रक्रियकाची हुबेहूब नक्कल करी आणि शिवाय त्याच्या आत काय चालले आहे ते दाखवी. साधन प्रभावी होते, पण अतिशय महाग. प्रत्येक चिपसाठी वेगळा एम्युलेटर लागे आणि चिपचा वेग वाढू लागला तशी लांब केबलमधून ही नक्कल करणे अशक्यप्राय होत गेले.

तोडगा निघाला तो वेगळ्याच गरजेतून. मंडले दाट होत चालल्याने त्यांवरील डाख तपासणे कठीण झाले होते. त्यासाठी उत्पादकांनी १९८५ मध्ये 'जॉइंट टेस्ट ॲक्शन ग्रुप' नावाचा गट स्थापन केला. त्याच्या कामातून १९९० मध्ये आयईईई ११४९.१ हे मानक आले. ते गटाच्या आद्याक्षरांवरून 'जेटॅग' म्हणून ओळखले जाते. मूळ उद्देश डाखांच्या तपासणीचा असला, तरी अवघ्या चार संकेतांच्या या वाटेने प्रक्रियकाच्या अंतरंगातही शिरता येते, हे लवकरच ध्यानात आले. मग चिप बनवणाऱ्यांनी दोषशोधनाची यंत्रणा चिपच्या आतच घडवायला सुरुवात केली. अमुक आज्ञेवर थांब, अमुक स्मृतिस्थान बदलले की कळव, अशी फर्माने बाहेरून देता येऊ लागली. २००४ मध्ये जाहीर झालेल्या आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-एम३ या गाभ्याबरोबर हेच काम दोन संकेतांत करणारी वाट रूढ होत गेली. या गाभ्यात साधारणपणे आज्ञांवर थांबण्याच्या सहा आणि स्मृतीवर पहारा ठेवण्याच्या चार जागा असतात. त्याहून पुढची पायरी 'ट्रेस'ची. तीत प्रक्रियक न थांबवता त्याने कोणत्या आज्ञा कोणत्या क्रमाने पाळल्या याची नोंद बाहेर काढली जाते.

लहान कंपन्या, मोठे काम

या उद्योगातील प्रमुख नावे पाहिली, तर एक गोष्ट लक्षात येते. चिपचा व्यवसाय महाकाय कंपन्यांचा असला, तरी अवजारांचा व्यवसाय बराचसा युरोपातील लहान, एकाच विषयाला वाहून घेतलेल्या कंपन्यांनी उभारला. म्युनिकजवळील लाउटरबाख १९७९ची. तिची 'ट्रेस३२' ही साधने वाहन उद्योगात सर्वत्र आढळतात. स्वीडनमधील आयएआर १९८३ची. जर्मनीतील सेगर १९९२ची. तिचे 'जे-लिंक' हे तळहातावर मावणारे साधन जगभरच्या प्रयोगशाळांत दिसते.

मराठी विद्यार्थ्यांच्या सर्वाधिक परिचयाचे नाव मात्र 'काइल'. ग्युंटर आणि राइनहार्ड काइल यांनी १९८२ मध्ये जर्मनीत ही कंपनी सुरू केली. ८०५१ची अंतर्गत रचना 'सी' भाषेला सोयीची नव्हती. तुटपुंजी स्मृती आणि तिचेही निरनिराळे कप्पे यांमुळे त्या चिपसाठी बहुतेक काम यांत्रिक भाषेतच होई. काइलने खास या चिपची वैशिष्ट्ये ध्यानात घेऊन कंपायलर घडवला आणि त्याला चिपची नक्कल करणारा दोषशोधकही जोडला. त्यामुळे हाती चिप नसतानाही आज्ञावली पायरीपायरीने चालवून पाहता येऊ लागली. २००५ मध्ये आर्मने ही कंपनी विकत घेतली. स्वतः चिप न बनवता तिचे आराखडे विकणाऱ्या कंपनीला अवजारांची कंपनी हवीशी वाटावी, यातच मर्म आहे. चांगली अवजारे नसतील, तर उत्तम प्रक्रियकही अभियंते निवडत नाहीत.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत ८०५१चा अभ्यासक्रम दीर्घकाळ शिकवला गेला आणि प्रयोगशाळांत काइलची मोफत आवृत्ती वापरली गेली. तिच्यात आज्ञावलीला २ किलोबाइटची मर्यादा असे. दिवे लुकलुकवणे, मोटार फिरवणे एवढ्या प्रयोगांना ती पुरे. खऱ्या उत्पादनासाठी मात्र परवाना विकत घ्यावा लागे. शिक्षण आणि उद्योग यांमधील दरीचे हेही एक कारण ठरले.

दोष सापडत नाही तेव्हा

दोषशोधनातील खरी कसोटी म्हणजे दोष पुन्हा घडवून आणणे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात 'थेरॅक-२५' या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. त्यांतील काहींचा मृत्यू झाला. उत्पादकाला प्रयोगशाळेत दोष दिसतच नव्हता. अखेर टेक्सासमधील एका रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि यंत्रचालक महिलेने मिळून तो पुन्हा घडवून दाखवला. चालकाने माहिती भरून सुमारे आठ सेकंदांच्या आत ती दुरुस्त केली, तरच आज्ञावली गोंधळत असे. सरावाने हात वेगवान झालेल्या चालकाकडूनच हे घडत होते. सावकाश तपासणाऱ्यांना ते कधीच दिसले नसते.

याच्या उलट उदाहरण मंगळावरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी उतरलेले 'पाथफाइंडर' यान काही दिवसांतच पुन्हा पुन्हा आपोआप बंद होऊन नव्याने सुरू होऊ लागले. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर घटनांची नोंद चालू ठेवून तसाच प्रसंग घडवला. कमी महत्त्वाचे एक काम सामायिक साधन अडवून बसले होते, त्याच्यावर मधल्या दर्जाचे काम कुरघोडी करत होते आणि सर्वांत निकडीचे काम ताटकळत होते. कारण कळताच आज्ञावलीतील एक पर्याय बदलण्याचा संदेश पाठवण्यात आला आणि यान सुरळीत झाले. नोंद ठेवण्याची सोय नसती, तर हा दोष सापडणे जवळपास अशक्य होते.

शहराच्या दृष्टीने

या साऱ्याचा मराठवाड्याच्या राजधानीशी संबंध थेट आहे. येथेच पाळेमुळे असलेली व्हॅरॉक दुचाकींचे इलेक्ट्रॉनिक भाग आणि डिजिटल मीटर बनवते. येथीलच एन्ड्युरन्स ब्रेक, सस्पेन्शनसह एबीएस बनवते. एन्ड्युरन्सने २०२२ मध्ये बॅटरी व्यवस्थापन प्रणाली तयार करणाऱ्या मॅक्सवेल एनर्जी सिस्टिम्स या कंपनीत बहुसंख्य हिस्सा घेतला. त्याच वर्षी देशात विजेवरील दुचाकींना आगी लागण्याच्या घटना घडल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले आणि सुधारित तरतुदी डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. बॅटरीतील प्रत्येक घटाचा दाब आणि तापमान यांवर डोळा ठेवणारी आज्ञावली चुकली, तर परिणाम रस्त्यावर दिसतो, हा धडा सर्वांना मिळाला.

मनुष्यबळाची पायाभरणी शहरात पूर्वीच झाली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक संरचना व तंत्रज्ञान संस्था, म्हणजे 'सीईडीटीआय', अनेक वर्षांपासून कार्यरत आहे. पुढे ती 'डोएक'मध्ये आणि २०११ मध्ये 'नाइलिट'मध्ये रूपांतरित झाली. २०२४ मध्ये नाइलिटला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि त्याच्या घटक केंद्रांत या शहराचाही समावेश झाला.

अडचणी मात्र आहेत. दुचाकींच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षिततेसाठी जग आयएसओ २६२६२ हे मानक मानते. त्याच्या २०१८च्या आवृत्तीत मोटारसायकलींचाही विचार आहे. या मानकानुसार केवळ आज्ञावली निर्दोष असून भागत नाही. ती ज्या कंपायलरने घडवली आणि ज्या साधनांनी तपासली, त्यांवर विश्वास का ठेवावा, हेही सिद्ध करावे लागते. अशी प्रमाणित अवजारे महाग असतात आणि ती बहुतांश परदेशातून येतात. मोठ्या उद्योगांना हा खर्च पेलतो, पाच-सात अभियंत्यांच्या उद्योगाला तो जड जातो.

अशा उद्योगांना मुक्त साधनांचा आधार आहे. १९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिलेला 'जीडीबी' हा दोषशोधक आणि एका जर्मन विद्यार्थ्याच्या २००५च्या प्रबंधातून जन्मलेला 'ओपनओसीडी' यांच्या बळावर अल्प खर्चात काम सुरू करता येते. प्रमाणपत्र आणि हमी मात्र त्यांच्यासोबत येत नाही. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे देशी प्रक्रियक 'रिस्क-फाइव्ह' या खुल्या आराखड्यावर आधारलेले आहेत. त्यांच्या प्रसारासाठी केंद्राने एप्रिल २०२२ मध्ये कार्यक्रमही जाहीर केला. काइलचा इतिहास पाहता, या प्रक्रियकांचे यश त्यांच्या वेगाइतकेच त्यांच्याभोवती उभ्या राहणाऱ्या अवजारांवर अवलंबून राहील.

आणखी एक पेच सुरक्षिततेचा आहे. तपासणीसाठी ठेवलेली खिडकी विक्रीनंतरही उघडी राहिली, तर स्पर्धक आज्ञावली चोरू शकतो किंवा कोणी मीटरचे आकडे फिरवू शकतो. ती कायमची बंद केली, तर ग्राहकाकडून परत आलेला सदोष भाग उत्पादकालाही तपासता येत नाही. म्हणून सांकेतिक किल्लीने उघडणारे कुलूप लावण्याकडे कल वाढला आहे. ही किल्ली कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न उद्योगाइतकाच ग्राहकाच्या आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकच्याही हिताचा आहे. कार्ब्युरेटर साफ करणाऱ्या हातांना नव्या युगातही काम मिळायचे असेल, तर त्यांना या खिडकीतून पाहायला शिकवावे लागेल. वाळूजच्या पुढच्या पिढीच्या प्रशिक्षणात पान्याबरोबर तपासणीच्या केबललाही जागा द्यावी लागेल, ती यासाठीच.