९८.३ मेगाहर्ट्झ १३.७ वर कसे उतरते

मुंबई-पुण्यात रेडिओ मिरची ९८.३ मेगाहर्ट्झवर लागते. अँटेनातून आलेला हा सिग्नल ५६ मेगाहर्ट्झने सॅम्पल केला, म्हणजे सेकंदाला ५ कोटी ६० लाख वेळा मोजला, तर आकड्यांत ते स्टेशन १३.७ मेगाहर्ट्झवर सापडते. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. वरच्या टोकाच्या दुप्पट वेग हवा म्हटले, तर २१६ च्या वर जावे लागेल. इथे त्याच्या जेमतेम पाव वेगात काम भागते.

दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात ही लहर साधारण पावणेदोन आवर्तने पूर्ण करते. पूर्ण आवर्तने आकड्यांत दिसतच नाहीत. दोन आवर्तनांना पाव कमी आणि नुसते पाव आवर्तन, दोन्हींचे नमुने सारखेच येतात. ५६ चा पाव म्हणजे १४; नेमका हिशेब ११२ वजा ९८.३, म्हणजे १३.७. यालाच एलियसिंग म्हणतात.

सगळा वर्णपट कागदाच्या लांब पट्टीसारखा दर २८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सॅम्पलिंगच्या निम्म्या अंतरावर, उलटसुलट दुमडला जातो असे समजा. ८४ ते ११२ ही चौथी घडी. आपला पट्टा तिच्यात पूर्ण मावतो. सम क्रमांकाची घडी उलटी पडते, म्हणून ८८ जाते २४ वर आणि १०८ येते ४ वर. ही उलटापालट सॉफ्टवेअरमध्ये सहज सरळ करता येते.

पट्टा २० मेगाहर्ट्झचा, मग ४० च्या वरचा कोणताही वेग चालेल, असे पुष्कळजण धरून चालतात. ४८ घेऊन पाहा. आता एका घडीची कड ९६ वर, ऐन पट्ट्यात पडते, आणि ९३.७ व ९८.३ ही दोन्ही स्टेशने २.३ वर येऊन बसतात. एकदा अशी मिसळ झाली की कुठलेही गणित ती वेगळी करू शकत नाही. त्यामुळे आधी घडीच्या कडा पाहाव्यात, वेग मग ठरवावा. चौथ्या घडीसाठी तो ५४ ते ५८.६ च्या दरम्यानच हवा. ५६ वर दोन्ही बाजूंना ४ मेगाहर्ट्झ मोकळे राहतात. पट्ट्याबाहेरचे सिग्नल अडवणाऱ्या फिल्टरला उतरायला ती जागा लागतेच.

आणि फिल्टर एडीसीच्या, म्हणजे सॅम्पल करणाऱ्या चिपच्या, आधीच हवा. विमानांच्या संभाषणाचे १२५.७ सुद्धा १३.७ वरच उतरते. शॉर्टवेव्हचे खरेखुरे १३.७ तर तिथे आहेच. नेहमीचा लो-पास फिल्टर इथे उपयोगाचा नाही, कारण तो नेमका एफएमच अडवेल. बँडपास घ्यावा, आणि तो अॅम्प्लिफायरच्या नंतर बसवावा. नाहीतर अॅम्प्लिफायरचा स्वतःचा गोंगाट सगळ्या घड्यांतून एकावर एक साचतो.

वेग कमी म्हणून स्वस्तातली चिप चालेल असेही नाही. तिच्या इनपुटला १०८ मेगाहर्ट्झ पेलता आले पाहिजे. क्लॉकची थरथरही मूळ लहरीच्या चढानुसारच नडते: १ पिकोसेकंदाच्या थरथरीला खऱ्या १३.७ वर सुमारे ८१ डेसिबलचे सिग्नल-गोंगाट गुणोत्तर मिळाले असते, ९८.३ वर ते ६४ वर येऊन थांबते.