गाळा घेण्याआधी भाड्याचा हिशेब

जून 2024 मध्ये केंद्राने पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. ज्या बंदराला इथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला, त्याच्याच नावावर आता जागा विकल्या जातात, हे मला खटकते. सातपाटीत पापलेटच्या हंगामात साठलेला पैसा गाळ्यात घालायचा, तर आधी आकडे मांडा.

समजा, बोईसरमधला गाळा मुद्रांक शुल्क, नोंदणी धरून 40 लाखांना पडला. भाडे महिना 20 हजार. वर्षाचे 2 लाख 40 हजार, म्हणजे 6 टक्के. भाडेकरू बदलताना दोन महिने शटर बंद राहिले, तर 40 हजार गेले. मालमत्ता कर, देखभाल, रंगकाम यांचे 30 हजार धरा. उरले 1 लाख 70 हजार. परतावा सव्वाचार टक्के, तोही प्राप्तिकराआधी. निम्मी रक्कम 9 टक्क्यांनी कर्जाऊ घेतली असेल, तर पहिल्या वर्षाचे व्याजच 1 लाख 80 हजारांच्या घरात जाते.

कागद तर तपासाच. तारापूर औद्योगिक वसाहतीतले भूखंड एमआयडीसी भाडेपट्ट्याने देते. हस्तांतरणाला तिची परवानगी आणि शुल्क लागते. वसाहतीबाहेर जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर बिगरआदिवासीला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही.

थोडीच रक्कम असेल, तर रीट पाहा, म्हणजे भाड्याने दिलेल्या इमारतींत पैसा गुंतवणारा आणि आपले हिस्से युनिट म्हणून विकणारा ट्रस्ट. भारतात पहिले रीट 2019 मध्ये शेअर बाजारात आले. वाटपयोग्य रोकडीतला किमान 90 टक्के हिस्सा रीट युनिटधारकांना देते. युनिटचा भाव मात्र पडूही शकतो.