विषाचे मोजमाप : उच्च शिक्षणाचे एक दुर्लक्षित क्षेत्र

मुंबईत गिरगावच्या फणसवाडीत शेत नाही. तेथील बिऱ्हाडांची वांगी, कोबी व भेंडी जवळच्या भुलेश्वरच्या बाजारातून येतात. त्यांवर कोणते औषध, केव्हा आणि किती फवारले गेले हे विकत घेणाऱ्या गृहिणीस कळण्याचा मार्ग नसतो. तिच्या ताटात उतरणारा अंश अपायकारक आहे किंवा नाही, हा प्रश्न मोजमापानेच सोडवावा लागतो. हे मोजमाप शिकविणारे शास्त्र म्हणजे विषशास्त्र; मानवी आरोग्याच्या जोखमीचे मूल्यमापन ही त्याची उपयोजित शाखा होय.

आपल्या देशास या शास्त्राची निकड फार मोठी किंमत देऊन कळली. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेलेले गव्हाचे पीठ खाण्यात येऊन शंभरावर माणसे दगावली. पुढे १९६५ साली लखनौ येथे औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्र स्थापन झाले. तीच आजची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था. कीटकनाशक कायदा १९६८ साली संमत झाला.

मूल्यमापनाची आज रूढ असलेली रीत अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८३ साली मांडली. पदार्थ कोणता अपाय करतो, किती मात्रेस किती अपाय होतो, माणसाच्या अंगात प्रत्यक्षात किती जातो आणि या सर्वांवरून धोका केवढा ठरतो, असा हा विचार असतो. एक उदाहरण घेऊ. क्लोरपायरिफॉसच्या प्रयोगांत प्राण्याच्या दर किलो वजनामागे रोज १ मिलिग्रॅम मात्रा दिली असता मेंदूतील कोलिनेस्टरेज या द्रव्यावर परिणाम दिसला नाही. माणूस प्राण्याहून अधिक हळवा असू शकेल म्हणून तिला १० ने भागले, आणि माणसामाणसांतील फरकासाठी पुन्हा १० ने. अशा रीतीने अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ-बैठकीने १९९९ साली ०.०१ मिलिग्रॅम ही दैनिक मर्यादा मानली. आता फणसवाडीतील एखाद्या घरच्या भाजीत किलोमागे १ मिलिग्रॅम अंश आहे असे समजू. साठ किलो वजनाच्या बापाने २०० ग्रॅम भाजी खाल्ली तर त्याच्या पोटात ०.२ मिलिग्रॅम जाईल. त्याची मर्यादा ०.६ आहे. पंधरा किलो वजनाच्या मुलाने १०० ग्रॅम खाल्ली तर ०.१ जाईल, पण त्याची मर्यादा अवघी ०.१५ आहे. भाजी एकाच पातेल्यातील, मुलाने खाल्ली ती निम्मी, तरी वजनाच्या मानाने त्याच्यावरील भार दुप्पट! फळे व धान्य यांतून जाणारा अंश तर अजून हिशेबात धरलेलाच नाही.

हे आकडे कायमचे मात्र नव्हेत. मुलांच्या मेंदूच्या वाढीविषयीचा आणि आनुवंशिक द्रव्याविषयीचा पुरावा तपासून युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ साली अभिप्राय दिला की, या औषधाची सुरक्षित मर्यादा ठरविताच येत नाही. पुढील वर्षी युरोपीय संघाने त्याची परवानगी संपविली.

खाणाऱ्याची चिंता पुष्कळ होते. फवारणाऱ्याची त्या मानाने थोडी. वास्तविक अधिक मात्रा त्याच्याच अंगी लागते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधित झाले आणि वीसहून अधिक दगावले. कपाशी उंच वाढली असली की फवारा चेहऱ्यावर व छातीवर येतो, घामाने भिजलेला सदरा तो अंगाला धरून ठेवतो आणि विष कातडीतून आत शिरते. त्यातच दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली जातात. परवानगीपूर्वीच्या चाचण्या त्या त्या नोंदलेल्या औषधाच्या असतात. बांधावर तयार झालेल्या मिश्रणाची चाचणी कोणी केलेली नसते. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोणही तात्काळ होणाऱ्या विषबाधेचीच तीव्रता सांगतो. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगी लागल्याने काय होईल, हे त्यावरून कळत नाही. तेव्हा हिरवा त्रिकोण पाहून हातमोजे बाजूस ठेवणे सर्वथा चुकीचे आहे.

कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात कीटकनाशकांचे विषशास्त्र शिकविले जाते. परंतु त्यातील भर कीड कशी मरते यावर असतो. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुवैद्यक पदवीधरांस औषध व विषशास्त्राचा उच्च अभ्यास करता येतो. मोहालीच्या राष्ट्रीय औषधशिक्षण व संशोधन संस्थेतही विषशास्त्र शिकविले जाते, आणि लखनौच्या संस्थेत पीएच. डी.साठी संशोधन होते. विद्यार्थ्यास जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र व संख्याशास्त्र यांची चांगली तयारी लागते. संख्याशास्त्राला भिऊन अनेक हुशार मुले या वाटेस जात नाहीत, हे खेदजनक होय.

या क्षेत्रात कृषी पदवीधरांची वाण आहे. प्रयोगशाळेत बसणाऱ्यास मात्रेचा परिणाम मोजता येईल. परंतु मजूर दिवसात किती पंप मारतो, नळी तोंडाने फुंकून साफ करतो काय, त्याच हातांनी भाकर खातो काय आणि औषधाने भिजलेले कपडे घरी कोण धुते, हे विचारण्याचे शेताची माहिती असणाऱ्यासच सुचते. मूल्यमापनाची तिसरी पायरी याच उत्तरांवर उभी असते.